बाबांचा डावा हात

बाबांनी त्या रविवारी वाजवूच नये, असं माझं स्पष्ट मत होतं. आदल्याच आठवड्यात त्यांच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "हा अर्धांगाच्या झटक्याचा इशारा आहे. परत असं झालं तर थेट हॉस्पिटल गाठा." पण ऐकतील ते बाबा कसले! अंधेरीतल्या एका छोट्या हॉलमध्ये जुने मूकपट दाखवतात, तिथे पडद्याशेजारी बसून ते पियानो वाजवायचे. जन्मभर दुसऱ्यांचे पियानो दुरुस्त केलेल्या माणसाला म्हातारपणी टाळ्या मिळत होत्या. त्या सुटतात होय?

पडदा त्यांना धूसर दिसायचा, म्हणून मी डावीकडे स्टुलावर बसून कानात सांगायची, "जिना चढतोय... दार ढकललं." त्यावर ते सुचेल तसं वाजवायचे. संकटाची चाहूल लागली की डावा हात उचलून मांडीवर ठेवायचे. खालचे जाड सूर गेले की लोकांच्या पायाखालची जमीन सरकते, म्हणायचे. मग संकट आलं की मी खांद्यावर टिचकी मारायची आणि तो हात धाडकन खाली यायचा.

त्या दिवशी पडद्यावर एक बाई आतून कडी लावत होती आणि तिच्या मागेच, घरात, तो माणूस उभा होता. बाबांचा डावा हात मांडीवर गेला. हॉल चिडीचूप.

मी टिचकी मारली. हात आला नाही. परत मारली.

"बाबा, डावा हात!"

"वाजवतंय ना गो," ते त्यांच्या मालवणीत पुटपुटले. उजवा हात एकटाच वाजत होता.

"काय भारी, यार!" मागून कुणीतरी कुजबुजलं. मी त्यांचा हात उचलला. थंडगार, जड. जोरात चिमटा काढला, तरी त्यांना पत्ताच नाही.

"लाइट लावा! गाडी बोलवा कुणीतरी!" मी ओरडले. लोक वैतागले. दिवे लागले.

"कित्याक थांबवलंस गो?" बाबा माझ्यावर चिडले. जीभ जड झाली होती, ओठ एका बाजूला उतरला होता. "डावो हात कसो झकास चलत होतो!"

तो हात मी माझ्या दोन्ही हातांत धरून बसले होते.