बाहेरच्या बाहेर

“आधी पायतान काढ,” अण्णा म्हणायचे आणि भर रस्त्यात मोटारसायकल कडेला घ्यायचे.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सातपूरच्या कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो, आणि मी त्यांच्या मागे बसून कामाला जायचो. वाटेत चौकात पुतळा लागायचा. चपला कठड्याबाहेर काढून ते पायरीला डोकं टेकवायचे. पुतळा कोणत्या पुढाऱ्याचा, कोणत्या पक्षाचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

“अण्णा, भोंगा झाला!”

“होऊ दे. आधी घडीभर त्यांना, मग दिवसभर साहेबाला.”

एकच इच्छा ते सारखी बोलून दाखवायचे. दिल्लीला जाऊन थोरांच्या समाधीवर आपल्या मळ्यातली फुलं वाहायची. मळा मखमलाबादला, थोरला भाऊ बघायचा. निवृत्तीनंतर आम्ही काही जण निघालो, तेव्हा आजारी भावाने अंथरुणातून उठून स्वतः शेवंती खुडून दिली. अण्णांनी ती ओल्या फडक्यात बांधली आणि गाडीत सगळ्या वाटेने पाणी शिंपडत आणली. आम्ही म्हणालो, “अण्णा, फुलांना बर्थ द्या, तुम्ही खाली झोपा.” त्यांनी खरोखरच दिला.

दिल्लीत सकाळी यमुनेकाठी पोचलो. पहिल्याच समाधीच्या दाराशी अण्णा थांबले.

“तुम्ही जाऊन या. मी तुमची पायतानं सांभाळतो.”

दुसऱ्या समाधीलाही तेच. आम्ही थट्टा केली, की जन्मभर दुसऱ्यांना चपला काढायला लावल्या, आता राखत बसा. ते हसले नाहीत. तिसऱ्या दाराशी माझं लक्ष गेलं, तर त्यांच्या स्वतःच्या चपला पायातच होत्या. फुलांचं गाठोडं काखेत तसंच होतं.

“अण्णा, झालं काय?”

“सुतक हाय रे. सकाळी घरून फोन आला. भाऊ गेला.” आवाज नेहमीचाच होता. “मी पोचेस्तोवर थांबू नका म्हणलं त्यांना. रिझर्व्हेशन उद्याचं. तुमची सहल कशाला नासवू?”

मी म्हणालो, “अहो, सुतक देवळाला. ही तर समाधी आहे. इथे सगळे गेलेल्या माणसालाच भेटायला येतात.”

त्यांनी आत पाहिलं. लोक रांगेने अनवाणी चालले होते.

“तुझ्यासाठी समाधी. माझं देऊळच हाय ते.”

पुढे कोणी आग्रह केला नाही. उरलेल्या समाध्या आम्ही पाहिल्या, पण त्यातली एकही मला आठवत नाही. आठवतात त्या दाराशी ओळीने मांडलेल्या आमच्या चपला, आणि शेजारी बसलेले अण्णा.

शेवंती तशीच परत आली. गोदावरीत भावाच्या अस्थी सोडल्या, त्यांच्यासोबत अण्णांनी ती सोडली. पुन्हा दिल्लीचं नाव त्यांनी काढलं नाही.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. मला रडू आलं नाही. घरी आलो, जेवलो, टीव्ही लावला. दुसऱ्या दिवशी काही कामासाठी सातपूरला निघालो. चौक आला तशी गाडी आपोआप कडेला गेली. कठड्यापाशी चपला काढायला वाकलो आणि थांबलो.

अण्णा माझे नात्याचे कोणी नव्हते. मला त्यांचं सुतक लागत नव्हतं.

चपला पायात ठेवूनच मी थोडा वेळ उभा राहिलो आणि बाहेरच्या बाहेर परत फिरलो.