एका खोक्यातल्या दोघी

आमचा तालुका परभणीतून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात गेला, त्या वर्षीची ही गोष्ट. शाळेच्या शिक्क्यावर अजून परभणीच होते. मी हट्ट्याच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि शाळेपासून चार घरे सोडून दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. घरात मी, चौथीत शिकणारी माझी मुलगी आणि वसमतच्या बाजारातून आणलेली एक पांढरी सशाची मादी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक लाकडी खोके होते. ते तिचे घर.

शेजारी एक वयस्क बाई एकट्याच राहत. साऱ्या गल्लीचे कपडे त्या शिवत. आम्ही त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत असू. त्यांच्याकडेही एक ससा होता, करड्या रंगाची मादी. ती दिवसभर शिलाई मशीनच्या पायडलजवळ चिंध्यांवर पडून असे. खालांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांच्या मुलीने त्यांना हैदराबादला बोलावून घेतले. निघण्याच्या दिवशी त्या करडीला ओढणीत गुंडाळून आमच्या दारात आल्या.

“दोन महिने, बाई. ही माझी अमानत हाय. तकलीफ तर हुईल तुमाला.”

“कसली तकलीफ खाला! जशी देताय तशी परत घ्या,” मी म्हणाले.

हे वाक्य मी फार सहज बोलून गेले.

वर्गात दोन मुलांचे पटत नसेल तर मी त्यांना एकाच बाकावर बसवीत असे आणि दोघांत मिळून एकच पुस्तक देत असे. पहिला दिवस कुरबुरीत जाई, आठवड्याभरात दोघे एकमेकांच्या डब्यातले खाऊ लागत. इतक्या वर्षांत ही रीत क्वचितच चुकली होती. शिवाय दोघी माद्या, भांडतील कशाला? मी पांढरीच्या खोक्यात करडीला ठेवले, मधोमध लसूणघासाची एकच जुडी टाकली आणि मुलीला म्हणाले, “बघ आता.”

थोडा वेळ काहीच झाले नाही. पांढरीने मान पुढे करून हुंगले. तिची शेपटी ताठ झाली. मग खोक्यात पांढऱ्या-करड्या केसांचा एक गोळा गरगर फिरू लागला. कोण कुठे आहे हे कळेना. मागचे पाय फळ्यांवर धाडधाड आपटत होते, केसांचे पुंजके वर उडत होते. तेवढ्यात करडी ओरडली. सशाला आवाज असतो, हे तोवर मला ठाऊक नव्हते. तान्हे मूल अंगावर उकळते पाणी सांडल्यावर ओरडेल, तसा तो आवाज होता. मी खोक्यात हात घातला. माझ्या मनगटाला दात लागले, तरी करडीला बाहेर काढले. तिच्या डाव्या कानाची कड नखाएवढी तुटली होती.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिने एवढेच विचारले, “आई, खालाला काय सांगायचं?”

सरकारी दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर कान धुता धुता म्हणाले, “बाई, आमी बैल-म्हशीवाले. सशाचं पुस्तकात दोन पानं होती, तीबी परीक्षेला येत न्हाईत म्हणून सोडून दिली.” मग हसणे थांबवून त्यांनी करडीच्या पोटावर हात फिरवला. “कानाचं काही न्हाई, भरून यील. पण भेदरलेला ससा खाणं सोडतो. उद्या दुपारपर्यंत हिनं तोंड लावलं न्हाई, तर मग अवघड हाय.”

त्या संध्याकाळी मी वहीत दोन रकाने आखले: काय खाल्ले आणि किती लेंड्या टाकल्या. दोन्ही रकाने कोरे राहिले. करडी टोपलीत पाठ फुगवून बसली होती आणि माझी चाहूल लागली तरी थरथरत होती. सकाळी शाळेत मी पाढे म्हणवून घेत होते. मुले सतराच्या पाढ्यात चुकली तरी ते माझ्या कानांपर्यंत पोचले नाही. मधल्या सुट्टीत मी जवळजवळ धावत घरी आले. टोपलीत कोथिंबिरीची एक काडी अर्धी कुरतडलेली होती. मी वहीत लिहिले, “अर्धी काडी.”

करडी जगली, पण आता दोघींना एका घरात ठेवायचे कसे? मध्ये दाराची जाळी उभी केली तर पांढरी जाळीवर झेपा घेई. मुलगी पाणी पिण्यासाठीसुद्धा स्वयंपाकघरात एकटी जाईना.

तांड्यावरची एक बाई आम्हाला रोज दूध घालत असे. तिने माझ्या मनगटावरची पट्टी पाहून सगळे विचारून घेतले आणि कपाळावर हात मारला.

“काहून त्याच खोक्यात घातलं? नव्या बैलाला जुन्याच्या दावणीला कुनी बांधतं व्हय? शिंगं लावील न्हाई तर काय पूजा करील?”

“मग तुम्ही काय करता?”

“दोघालाबी तिसऱ्याच जागी बांधावं. जिथं न ह्याचं न त्याचं. आन् आधी आठ दिस ह्याची झूल त्याच्या अंगावर, त्याची ह्याच्या. वास वळखीचा झाला की मग दोघाला संगं वैरण. मोठी मास्तरीण, आन् एवढं न्हाई ठाऊक!”

मला ते ठाऊक नव्हते. आठ दिवस मी पांढरीच्या खोक्यातले पोते करडीखाली आणि करडीच्या टोपलीतल्या चिंध्या पांढरीखाली टाकत राहिले. मग एका रविवारी मुख्याध्यापकांकडून किल्ली मागून घेतली आणि दोघींना दोन पिशव्यांतून शाळेत नेले. वर्गातले बाक भिंतीकडे सरकवले. हाताला जाड टॉवेल गुंडाळून मी मध्ये बसले. मुलगी केरसुणी घेऊन दाराशी उभी राहिली. ती कडी सोडायला तयार नव्हती.

पहिल्या रविवारी दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या. दुसऱ्या रविवारी पांढरीने झेप घेतली. मी टॉवेल मध्ये टाकला. कुणाला लागले नाही, पण मी लगेच दोघींना पिशव्यांत घालून घरी आणले. त्यानंतर दोन रविवार मी त्यांना नेलेच नाही. कारण मुलीला वेगळे सांगितले. खरे कारण भीती हेच होते.

पुढे पुन्हा सुरुवात केली. केव्हातरी एका रविवारी लसूणघास चघळता चघळता करडीने मान जमिनीला टेकवली, आणि पांढरीने तिचा तोच फाटका कान चाटला. मी टॉवेल गच्च धरून बसले होते. तिने दात लावले नाहीत. त्यानंतर मी घरी नवे खोके आणले, जागा बदलली आणि दोघींना त्यात एकत्र ठेवले.

खाला परतल्या तेव्हा दोन्ही डोळ्यांवर काळा चष्मा होता. करडीला मांडीवर घेत त्या म्हणाल्या, “आजून धुरकटच दिसून राहिलं, बाई. पन वजन तर बराबर हाय.”

म्हणजे कान त्यांना दिसला नव्हता. मांजराने ओरबाडले, असे वाक्य मी कितीतरी दिवस तयार ठेवले होते. आता तेही बोलण्याची गरज नव्हती. मुलगी माझ्याकडे एकटक पाहत होती.

“खाला, हिचा कान फाटलाय,” मी म्हणाले. “माझ्या चुकीनं. मी हिला त्या पांढरीच्या खोक्यात ठेवलं होतं.”

त्यांची बोटे कानाच्या कडेवरून फिरली, तुटल्या जागी थांबली.

“बाई, शाळेत पोरांचे कान पिळता, ठीक हाय. माझ्या लेकराचा तर तोडलाच की!” त्या हसल्या. मग हसू गेले. “वरडली व्हती का?”

“हो. आता मात्र दोघी एकाच खोक्यात राहतात.”

बराच वेळ त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

“आता ह्यांना येगळं केलं तर?”

“मग पुन्हा पहिल्यापासून. कदाचित जमणारही नाही.”

“मग ऱ्हाऊ द्या हितंच. मी येत जाईन रोज. तुमच्याच हवाली हाय.”

त्यांनी करडी माझ्या हातात दिली. नको म्हणावे असे फार वाटले, पण मला तसे म्हणता आले नाही. आतापर्यंत माझ्यापुढे दोन महिन्यांची मुदत तरी होती. पुढची कित्येक वर्षे खोक्यातून पाय आपटल्याचा आवाज आला, की मी तव्यावरची पोळी तशीच टाकून उठत असे.