लख्ख नळी

आयर्लंडमध्ये लिक्सलिपला आमच्या शेजारचे आजोबा दर रविवारी मागच्या दारी बसून हरणाच्या शिकारीची रायफल साफ करतात.

"किती दिवसांनी करायची असते?" मी एकदा कुंपणावरून विचारलं.

"चालवली की त्याच दिवशी. नाहीतर वर्षातून दोनदा पुरे."

बायको गेल्यापासून त्यांनी एकही गोळी झाडलेली नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

रायफलचा मागचा सरकता बोल्ट काढून त्यांनी रिकामी नळी माझ्यापुढे धरली. "बघ बरं, झाली?"

आत नुसता लखलखाट. "ग्रँड!" मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला. "ती नेहमी म्हणायची, अजून एकदा पुसा."

पुढच्या रविवारी मी नळीतून बराच वेळ पाहिलं. डाग कुठेच नव्हता.

"अजून एकदा पुसा," मी म्हणालो.

ते लगबगीने नवी चिंधी शोधायला लागले.