झोपायला गाव

दिवाळीनंतर सावली तालुक्यातल्या गावांत नाटकं सुरू होतात. पडदा रात्री वर जातो आणि उजाडायच्या सुमारास पडतो. मुलं पुढच्या रांगेत बसतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात झोपतात. त्याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही.

माझी पुतणी पाचवीत होती आणि निवासी शाळेची प्रवेश परीक्षा देणार होती. शेजारच्या गावातलं नाटक पाहून आली त्या दिवशी ती बेरजेत हातचा घ्यायलाच विसरली. तीच गणितं आदल्या दिवशी तिने न चुकता सोडवली होती. गुरुजींनी वहिनीला बोलावून घेतलं. "बाई, पोरीले सारं येते. फक्त झोपू द्या तिले."

नेमकं परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्याच गावात नाटक ठरलं. मंडप आमच्या घरामागे. वहिनीने माहेरी फोन लावला. तिचा भाऊ खूश झाला. "आणून दे ना पोरीले! आमच्या इथीबी त्याच रात्री नाटक हाये." पोरीच्या मावशीच्या गावी विचारलं, तर तिथे दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक.

"झोपाले कुठी जावं मंग पोरीनं?" वहिनी दादाला म्हणाली. दादा नाटकाच्या मंडळात होता.

"भोंगा बंद करू काय? लोकं खुर्च्या तोडतीन."

"बंद नोका करू. तोंड फिरवा त्याचं."

मंडपापलीकडे लाखोळीची शेतं होती. दादा बांबूवर चढला आणि घराकडचा भोंगा त्याने तिकडे वळवून बांधला. खाली मंडळी हसत होती. "भाऊ, लाखोळीले नाटक आयकवता काय आता?"

आवाज कमी झाला, थांबला नाही. वहिनीने खिडकीला दुलई लावली आणि पोरीजवळ पडून राहिली. वर्षभर वाट पाहिलेलं नाटक तिने भिंतीआडून ऐकलं. पोरगी पहिला अंक संपायच्या आत झोपली.

सकाळी मी दोघींना परीक्षा केंद्रावर नेलं. बाहेर गावोगावचे पालक कुंपणाला टेकून पेंगत होते. पोरगी बाहेर आली तशी वहिनीने विचारलं, "झोप तं नाई ना आली?"

"मले नाई. पेपर पुरा झाला. बाजूची पोट्टी झोपली होती."

"मंग?"

"मंग काय, तिले हलवलं. मॅडम मलेच ओरडल्या."