कमलताईंची पंगत

कमलताई आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा पाटावर बसल्याच नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी ताटं मोजली. एक माझं, एक त्यांचं, एक आमच्या मुलाचं. मग मोठ्यानं विचारलं, "सर, बाईचं ताट कुठंय?" ती मागून जेवेल, तुम्ही बसा, असं मी म्हणालो. "मंग मी बी मागूनच जेवते," म्हणत त्यांनी पदर खोचला आणि सरळ तव्यापाशी जाऊन बसल्या. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर त्या दिवशी आम्ही नवराबायको पहिल्यांदा घरात एका वेळी जेवलो. त्यांच्यासाठी थांबावं लागल्यानं भाकरी गार झाल्या होत्या आणि मला रागही आला होता, हे कबूल करतो.

शिरड शहापूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथं कमलताई अंगणवाडी चालवायच्या आणि त्याच आवारात मी शिकवायचो ती शाळा. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत, बोलणं फटकळ. भिंतीवर आहाराचा तक्ता होता, तो दाखवून गरोदर बायकांना त्या बजावायच्या, "आधी तू जेव, मंग घराला वाढ." स्वतः मात्र घरी जाऊन सगळ्यांच्या मागून, पातेल्याच्या तळाशी उरलेलं वरण भाकरीला लावून खायच्या. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. "वीस वर्सं खोटं बोलले सर मी. तक्ता लोकायसाठी होता."

हे खोटं उघडं पडलं ते एका कार्टूनमुळे. गावातल्या कुणीतरी अंगणवाडीला टीव्ही दिला होता. त्यावर अस्वलांच्या कुटुंबाची एक हिंदी मालिका लागायची. जेवायची वेळ झाली की त्यातलं पिल्लू विचारायचं, "सब आ गए?" आणि आई येऊन बसेपर्यंत भांड्याचं झाकण उघडू द्यायचं नाही. पोरांना ते तोंडपाठ झालं. साडेपाच वर्षांच्या रेणुकानं ते घरी नेलं.

रेणुकाचे आजोबा गणपतराव गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या घरी आधी पुरुष आणि लेकरं, मग सासू आणि शेवटी सून सविता, म्हणजे रेणुकाची आई. सविताला सातवा महिना होता. हळद शिजवायचे दिवस होते, तिचे तळहात पिवळेच असायचे. कमलताईंच्या रजिस्टरात तिचं वजन दोन महिने जागचं हललं नव्हतं. अशात रेणुका हात बांधून ताटापुढे बसू लागली. "सब आ गए?" आई आल्याशिवाय घास घेईना. पहिल्या दिवशी घर हसलं, दुसऱ्या दिवशी थप्पड बसली, तिसऱ्या दिवशी गणपतराव अंगणवाडीत आले.

"ते कार्टून बंद करा. पोरगी हिंदी बोलून राहिली, आजापुढं तोंड वर करून राहिली. आपले संस्कार न्हाईत का काही?"

गावाला ते पटलं. मलाही पटलं. पोरं आईला 'माँ' म्हणू लागली होती, हाणामारीची कार्टूनं बघून ओट्यावरून उड्या मारून दात पाडून घेत होती, त्याचा मला वैतागच होता. टीव्ही कायमचा काढून न्यावा असा अर्ज वरच्या ऑफिसला लिहायचं ठरलं आणि अक्षर चांगलं म्हणून तो मीच लिहिला. त्यात 'संस्कृती' हा शब्द तीनदा घातला. कमलताईंनीही सही केली आणि टीव्हीवर पोतं टाकलं.

चार दिवसांनी त्या सविताची चौकशी करायला गणपतरावांच्या घरी गेल्या. दुपारची जेवणं चालली होती. टीव्ही बंद झाला होता, पण रेणुका तशीच हात बांधून बसलेली. तिनं विचारलं, "ताई, तुमीच सांगता ना आईनं आधी जेवावं? मंग माही आई काहून न्हाई जेवत?"

कमलताईंनी सविताला हाताला धरून आणलं आणि लेकीशेजारी बसवलं. गणपतराव गरजले, "बाई, ह्या घरात हे चालत न्हाई!" "म्हणूनच पोटातलं लेकरू वाढून न्हाई राहिलं. ही जेवल्याबिगर मी उठत न्हाई. वर तक्रार करा, नोकरी घ्या माही." त्या उंबऱ्यातच बसल्या. गणपतराव भरल्या ताटावरून उठून गेले. सविता खाली मान घालून जेवली, पण पोटभर जेवली.

त्याच दिवशी कमलताईंनी घरी नवऱ्याच्या शेजारी आपलं ताट मांडलं. तो बिचारा घाबरला. "ताप-बीप आला का तुला?" "व्हय," त्या म्हणाल्या, "वीस वर्सं उशिरा आला."

मग मारुतीच्या पारावर बैठक बसली. अर्ज मीच वाचला. वाचून होताच कमलताईंनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतःची सही खोडली. "कार्टूनात वाईट बी हाय. हाणामारीचं मी लावणार न्हाई. पण आईला संगं जेवू द्या म्हणणाऱ्या अस्वलानं तुमची संस्कृती बुडत असंल, तर आणा तिला अंगणवाडीत. काट्यावर घालून बघते, किती भरते ते." मग माझ्याकडे वळल्या. "तुमीच लिवलं ना हे सर? तुमची बायको कवा जेवते?"

दुसऱ्याच दिवशी त्या आमच्या घरी येऊन ताटं मोजून गेल्या, ते सुरुवातीला सांगितलंच. अर्ज पुढे कुणी पाठवला नाही. सविताला गुटगुटीत मुलगी झाली आणि टीव्हीवरचं पोतं निघालं.

कमलताई गेल्या वर्षी गेल्या. तेरवीला नेहमीप्रमाणे पहिली पंगत पुरुषांची बसली. मीही बसलो. एवढी वर्षं घरात बायकोबरोबर जेवणारा मी, चार लोकांत मुकाट्यानं पुरुषांत जाऊन बसलो. इतक्यात रेणुका आली. आता कॉलेजात जाते. आईला हाताला धरून ती सरळ आमच्या पंगतीत शिरली आणि दोघी पत्रावळीपुढे बसल्या. "बायकायची पंगत मागून हाय," कुणीतरी ओरडलं. रेणुकानं हात बांधले. वाढप्याकडे बघून खणखणीत आवाजात विचारलं, "सब आ गए?"

वाढपी थबकला. दोघंतिघं उठून गेले. थकलेले गणपतराव नातीकडे रोखून बघत होते, पण उठले नाहीत. उलट मांडी आवरून त्यांनी सुनेला जागा करून दिली.

"अजून नाही," मी मोठ्यानं म्हणालो. "माझी बायको आत पुऱ्या लाटतेय." आणि तिला आणायला उठलो.