आईचं वेगळं ताट

नागपूर विमानतळावर आईने मला जवळ घेतलं नाही. "रडशील मग," एवढंच म्हणाली आणि वहिनीशी बोलत राहिली. तिथल्या सरकारी दवाखान्यात मी आठ वर्षं स्टाफ नर्स होते. नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत, कॅरीला आले आणि मी एकदम कुणीच उरले नाही.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर इथल्या नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेचं मनावर घेतलं. तिला स्कूल बसमध्ये बसवलं की मी लायब्ररीत प्रॅक्टिस टेस्ट द्यायची. आयसोलेशनचा चॅप्टर सोपा वाटला होता. कोणता आजार हवेतून पसरतो, कोणता स्पर्शातून. कुठे एन-९५ मास्क, कुठे नुसते ग्लोव्हज आणि गाऊन. सगळं हाताखालून गेलेलं. तरी उत्तरं चुकायची. प्रत्येक बरोबर उत्तरात पेशंटला स्वतंत्र खोली असायची; आमच्या वॉर्डात दोन खाटांमध्ये स्टूल मावायचं नाही.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि दादाचा फोन आला. आईला फुप्फुसाचा टीबी. औषधं कालच सुरू झाली होती. व्हिडिओ कॉलवर आई मागच्या खोलीत एकटी दिसली. खिडकी बंद. शेजारी ताट आणि पेला, दोन्हींवर लाल रंगाची खूण.

"हे काय?"

"पोरं लहान आहेत ताई, भीती वाटते," वहिनी म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं.

आई हसली. "राहू दे गं. माझ्या आईला कामाच्या घरी असाच वेगळा कप असायचा."

मी लायब्ररीतून उठून गाडीत जाऊन बसले आणि वॉर्डातल्या आवाजात बोलले. "वहिनी, टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो. आधी खिडकी उघडा. आई सध्या वेगळी झोपेल, मास्क लावेल. पोरांना तपासून आणा. गोळ्या एक दिवसही चुकवू नका. पण ताट घरातलंच द्या. आणि रोज कुणीतरी दारात खुर्ची टाकून तिच्याशी बोलत जा."

दादाने उठून खिडकी उघडली.

मी एक्झाम कॅन्सल करून निघणार होते. "येऊन काय करशील? गोळ्या मलाच गिळायच्यात. पेपर दे," आई म्हणाली. मी दिला, पास झाले, इथल्या हॉस्पिटलला लागले. आई बरी झाली. आता सगळ्यांत बसून जेवते. त्या दिवसांत मी गेले नाही, हे मात्र मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

मुलगी परवा म्हणाली, "मम्मी, आर वी गोइंग होम धिस समर?" नागपुरात ती जेमतेम वर्षभर राहिलेली, तरी होम म्हणते. मी तिकिटं बघते, ड्युटीच्या तारखा बघते, पुन्हा तिकिटं बघते.