मोटारीला शिकवणारे आबा

आबांच्या हातात मी कधी चाबूक पाहिला नाही. बैलामागे चालताना गावातल्या प्रत्येक माणसाच्या हातात काही ना काही असायचं. आबांच्या हातात तंबाखूची चंची. आबा म्हणजे माझे सासरे. आमचं गाव सेनगावच्या वाटेवर, हिंगोलीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचं. त्या पट्ट्यात कुणाचा गोऱ्हा गाडी ओढायला शिकेना, लाथा झाडायला लागला, जू टाकून बसायला लागला, की लोक तो आणून आमच्या दारात बांधत. आबा घरचे बरे होते. ह्या कामाचे ते काही घेत नसत. त्यांना त्याची आवड होती.

आधी काही दिवस गोऱ्ह्याच्या मानेवर नुसतं जू. मग म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला. मग रिकामी गाडी, तीही मऊ रानात. ओझं सगळ्यात शेवटी. मालक घाई करायला लागला की आबा म्हणायचे, "खांदा कच्चा हाय अजून. आत्ता वजन टाकलं तर जल्मभर गाडी बघून बसंल."

माझं लग्न झालं तेव्हा मी चौथी पास होते आणि भरलेली घागर घेऊन पायऱ्या चढता येत नव्हत्या. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर येत नसे, बोलत तर नसेच. सासऱ्याला काही सांगायचं असलं तर तो सासूला सांगे, सुनेच्या कानावर पडेल अशा आवाजात. माझ्या पहिल्याच आठवड्यात आबांनी सासूबाईंना सांगितलं, "वरीसभर तिला मोठी घागर देऊ नका. खांदा कच्चा हाय." हे विहिरीवर पोचलं आणि बायका मला 'कच्च्या खांद्याची' म्हणायला लागल्या. मला राग यायचा. गुरांत मोजलेलं कुणाला आवडतं? पण माझ्या बरोबरीच्या सगळ्या आज वाकल्या आहेत आणि मी ताठ चालते, एवढं सांगून पुढं जाते.

मोटारीची हौस माझ्या यजमानांची. ते शिकायला हिंगोलीला राहिलेले, तिथं त्यांनी मोटारी पाहिलेल्या. एका वर्षी हळदीला चांगला भाव आला आणि त्यांनी आबांच्या मागं टुमणं लावलं. मोटार हैदराबादेहून रेल्वेनं हिंगोलीला आली. बशीर मिस्त्री म्हणून एक जण तिथं लॉऱ्या दुरुस्त करायचा, त्यानं बापलेकांना चालवायला शिकवलं. मोटार गावात पोचवायलाही तोच आला होता. ओसरीवर चहा पिताना तो म्हणाला, "आबासाब, पैले पांचसौ मैल इसको भगाना नै. अंदर के पुर्जे अभी एक दूसरे को पैचानते नै."

यजमान हसले. आबा हसले नाहीत. इतके दिवस त्या लोखंडाकडे ते परक्यासारखे पाहत होते. आता उठून जवळ गेले, इंजिनाच्या टोपणावर हात ठेवून उभे राहिले. "नवी जोडी हाय म्हणा की," म्हणाले, आणि किल्ली कनवटीला लावली. खांदा पक्का होईपर्यंत मोटार दुसऱ्या कुणी चालवायची नाही असं ठरलं. म्हणजे आबांनी ठरवलं.

मग आबांनी तिला शिकवायला घेतलं. पहिले दिवस एकटेच बसून गावाभोवती फिरवली. मग एक माणूस. मग दोन. सामान नाही. गुरं घरी परतायच्या वेळेला मोटार बाहेर काढायची नाही. वळण आलं की भोंगा वाजवायचा, आणि भोंग्यावर आबांचा भरवसा नसल्यामुळे खाली उतरून वळणापलीकडे पाहून यायचं. एकदा बाजाराला जाताना मागून आलेला एक गाडीवान शेजारून पुढं निघाला आणि म्हणाला, "आबा, दोरी टाकू का? वढून नेतो." आबा म्हणाले, "टाक. तुजे बैलबी जरा दमानं चालायला शिकतील." यजमान शेजारी बसले होते. त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सगळ्यात मोठा नियम ओढ्याच्या उताराचा. हिंगोलीच्या वाटेवर एक ओढा लागायचा. पूल नव्हता, उतार दगडगोट्यांचा आणि उभा. तिथं आबा मोटार थांबवत आणि सगळ्यांना खाली उतरवत. रिकामी मोटार इंचाइंचानं खाली नेत, तळाशी थांबत, आणि माणसं चालत आली की पुन्हा बसवून घेत. पाहुणा कितीही तालेवार असो, त्याला उतरावं लागे. "बैल घसरला तर पाय रोवतो," आबा म्हणायचे. "हिला पाय न्हाईत."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात. त्या वर्षी बैलांचं झाल्यावर वाटीत उरलेलं आबांनी मोटारीच्या टोपणाला चोळलं. काळ्या रंगावर पिवळट डाग पडला तो शेवटपर्यंत गेला नाही. यजमान संतापले. सासूबाई म्हणाल्या, "उद्या शिंगं बी रंगवा तिची." आबा डाग पुसायला गेले नाहीत.

कुणी म्हणेल देवमाणूस. तसं नव्हतं. जनावराशी जो धीर होता तो आबांना पोटच्या पोराशी नव्हता. यजमान काही सांगायला गेले की चार माणसांत "तुला काय कळतंय" म्हणून मोडून काढत. हे एकुलते एक होते. सगळं मनात साठवून ठेवत.

त्याच हिवाळ्यात माझं पहिलं बाळंतपण आलं. मला आई नव्हती, म्हणून ते सासरीच करायचं होतं. पहिला दिवस गेला, रात्र गेली. सकाळी सुइणीनं हात धुतले आणि सांगितलं, माझ्या हातचं नाही, हिंगोलीला न्या. मोटार अजून शिकतच होती. यजमानांनी किल्ली मागितली. आबांनी ती दिली नाही, स्वतः चालवायला बसले. मागं मी आडवी, डोकं सासूबाईंच्या मांडीवर. मला आबांचा फेटा आणि पाठ तेवढी दिसत होती.

यजमान सारखे म्हणत होते, दाबा, दाबा. शेवटी ते ओरडले. "आबा, ती मरून राहिली मागं. मोटार मेली तर मरू द्या." मोटार होती तशीच चालत राहिली. ओढ्याच्या उतारावर ती थांबली आणि आबांनी दोघांना खाली उतरायला सांगितलं. सासूबाईंनी माझ्या डोक्याखाली घोंगडीची घडी ठेवली आणि उतरल्या. यजमान दार आपटून उतरले. मोटार इंचाइंचानं खाली गेली. तळाशी दोघं परत बसत असताना आबांनी मागं न बघता विचारलं, "पोरीला धक्का तर न्हाई ना लागला?" सासूबाई न्हाई म्हणाल्या.

मुलगा झाला. तो रडला नाही.

दवाखान्यात कुणीतरी म्हणालं, जरा लवकर आणायला हवं होतं. तिथं हे सगळ्यांनाच म्हणतात. पण यजमानांनी ते धरून ठेवलं. घरी आल्यावर ओसरीवर, आबांच्या तोंडावर म्हणाले, "तुमी मोटार जपली. माझं लेकरू न्हाई जपलं." मग त्यांनी बापाशी बोलणं टाकलं. आबांनी कनवटीची किल्ली काढून कोनाड्यात ठेवली आणि पुन्हा कधी तिला हात लावला नाही.

मला जे ठाऊक होतं ते मी यजमानांना सांगितलं. मोटारीत आडवी मी होते. खड्डा यायच्या आधी मोटार मंद व्हायची, मी ओरडले की आणखी मंद व्हायची. सपाट वाट आली की पुढं सरकायची. मोटारीला जपणारा माणूस माझ्या ओरडण्याकडे कान कशाला देईल? यजमान म्हणाले, "तू शुद्धीत कुठं होतीस?" तेही खरंच होतं. जोरात नेली असती तर पोर वाचलं असतं का, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

गाव मात्र यजमानांच्या बाजूनं बोलायला लागलं. आबांनी गोऱ्हे घेणं बंद केलं. लोक लांबून घेऊन येत, ते दारातूनच परत पाठवत. एकजण फार विनवण्या करायला लागला तेव्हा आबा म्हणाले, "दुसऱ्याकडं जा बाबा. माझा हात जड झाला." असलं काही झालं नव्हतं. पुढं लढाई लागली, पेट्रोल मिळेना, मोटार गोठ्याशेजारी उभी राहिली. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. यजमान घरात नसले की आबा तिच्यावरची धूळ पुसत.

मला नंतर मुलगी झाली, घरीच, काही त्रास न होता. ती चालायला लागली तेव्हाची गोष्ट. अंगणात हळद वाळत होती, आबा राखणीला बसले होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी दाराआड उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. म्हणाले, "मामंजी, त्या दिवशी तुमी मला जपलं. मला ठाऊक हाय."

आबा हळदीतले खडे वेचत राहिले. मग दाराकडं न बघता म्हणाले, "पोरी, तुला जपलं का मोटारीला जपलं, माझं मलाच सांगता येत न्हाई. पाय सवयीनं हालका पडत होता."

मी आत गेले.

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात आबांची छाती भरली. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. लढाई संपून पेट्रोल मिळायला लागल्यापासून मोटार यजमान चालवत, त्यांनी ती काढली. इतक्या वर्षांनीही ती आवाज न करता चालायची, एवढं मी सांगितलंच पाहिजे. आबांना मागं निजवून मी डोकं मांडीवर घेतलं. यजमानांनी मोटार अशी हाणली की धुरळ्यात मागचं काही दिसेना. ओढ्याच्या उतारावरही थांबले नाहीत. आबा डोळे मिटून होते. बापलेक तेव्हाही एकमेकांशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात आबा गेले.

गावी आणायला मोटार होतीच. पुन्हा तसंच निजवलं, पुन्हा डोकं माझ्या मांडीवर. यजमान चालवायला बसले. हिंगोली मागं पडली तरी मोटार जोर धरेना. मला वाटलं काही बिघडलं. मग एक बैलगाडी शेजारून पुढं गेली. गाडीवानानं आत पाहिलं आणि फेटा काढून हातात घेतला. वळण आलं तेव्हा यजमानांनी भोंगा वाजवला, मग खाली उतरून वळणापलीकडे पाहून आले.

ओढ्याच्या उतारावर मोटार थांबली. यजमान समोर बघत बसून राहिले. मी आबांचं डोकं घोंगडीच्या घडीवर टेकवलं आणि खाली उतरले.

मोटार इंचाइंचानं खाली गेली. मी मागून दगडांवर पाय सांभाळत चालत आले. तळाशी ती उभी होती. मी दार उघडलं.

"आबाला धक्का तर न्हाई ना लागला?" यजमानांनी मागं न बघता विचारलं.

मी पाहिलं. घोंगडीची घडी ठेवली होती तशीच होती.

"न्हाई," मी म्हणाले, आणि आत बसून आबांचं डोकं मांडीवर घेतलं.